पोहता येत नसलं तरी चालेल

माझी पहिली राफ्ट केळीच्या खांबांची होती. राजेळीचा घड उतरला की झाड तोडायचं, ही वाडीची रीत. तोडलेले चार-पाच खांब आम्ही पोरं ओढत बावखलाच्या काठी आणायचो, बांबूच्या काठ्या आरपार घुसवून ते एकत्र बसवायचो आणि वर तिघं-चौघं चढून पार पलीकडच्या काठाला जायचो. पलीकडचा काठ म्हणजे पन्नास हात. पण मधोमध गेल्यावर कुणीतरी मुद्दाम एका बाजूला कलायचा, तराफा उलटायचा, आणि सगळे पाण्यात. त्यासाठीच तर तो बांधलेला असायचा.

ज्यांनी वसई पाहिली ती फक्त लोकलच्या खिडकीतून, त्यांच्यासाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. आमच्या बोळिंजला, आगाशीला, उमराळ्याला, पार वसईपर्यंत वाड्यावाड्यांतून अशी तळी आहेत. होती म्हणणं जास्त बरोबर. जुन्या माणसांनी ती हातानं खणली. निघालेली माती वाडीत टाकून वाडी उंच केली आणि खड्ड्यात गोडं पाणी राहिलं. त्यावर रहाट, रहाटाला बैल, आणि पाटानं पाणी केळीला, पानवेलीला, मोगऱ्याला. ती आमची विहीर, आमचा मासळीबाजार आणि आमची शाळा.

शाळा म्हणतो ते उगाच नाही. 1967 साली, मी सात वर्षांचा असताना, आज्यानं माझ्या कमरेला दोन सुके दुधी भोपळे बांधले आणि मला पाण्यात सोडलं. स्वतः काठावर बिडी ओढत बसला. मी हातपाय झाडायला लागलो तर ओरडला, "अरे, मारामारी कुणाशी करतोस? आधी पाण्यावर पड. पाणी तुला उचलतंय की नाही ते बघ." आठ दिवसांनी एक भोपळा सुटला. पंधराव्या दिवशी दुसरा. आमच्या घरातली सगळी पोरं, पोरीसुद्धा, अशीच शिकली. फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. आणि माझ्या आठवणीत आमच्या आळीतलं एकही पोर बावखलात बुडालं नाही.

आता दुसऱ्या राफ्टची गोष्ट.

2022 च्या डिसेंबरात पुतण्यानं मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. कोलाडला कुंडलिका नदीवर रबरी बोटीतून राफ्टिंग. पांढऱ्या पाण्यात सात-आठ माणसं, हातात वल्ही, सगळे किंचाळतायत. खाली ठळक अक्षरांत: पोहता येत नसलं तरी चालेल. "काका, तुम्ही पण चला," म्हणाला. "तुम्हाला तर पाण्याचं भारी वेड." पुतण्या एकतीस वर्षांचा, चांगल्या नोकरीत, आणि पोहता येत नाही. का येत नाही, त्याचा जबाब मला द्यायचा आहे. पुढे देतो.

मध्यरात्री विरारहून निघालो. मुंबई-गोवा रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, वाचकांनी तो भोगलेला आहे. उजाडताना कोलाडच्या आत, साजे गावाच्या बाजूला नदीवर पोचलो, तर नदीत नुसते दगड आणि मधून एक ओहोळ. मी म्हटलं, ह्यात बोट चालवायची कशी? आमचा गाइड हसला. नदीकाठच्याच गावातला पंचविशीतला पोरगा. म्हणाला, "थांबा काका. पाणी यायचंय." आणि खरंच, थोड्या वेळानं पाणी आलं. आवाज न करता आलं. दगड एकेक करून दिसेनासे झाले आणि मग नदीला घोष सुटला.

हे पाणी कुंडलिकेचं नाही, हे तिथं किंचाळणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं? ते मुळा नदीचं आहे. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीला टाटांनी धरण बांधलं, पूर्वेला भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी अडवलं आणि डोंगरातून पश्चिमेला वळवून पाचशेएक मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात पाडलं. ते वीजघर 1927 पासून चालू आहे. त्या धरणाविरुद्ध 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले, आणि धरण तरीही झालं. वीज मुंबईला गेली. वीज करून झालेलं पाणी नदीत सुटतं तेव्हा तिथं 12-14 किलोमीटरपर्यंत बोट चालते, म्हणून भर उन्हाळ्यातही कोलाडला राफ्टिंग होतं. गोव्यात वाळपईकडे म्हादईवर होतं ते पावसाच्या पाण्यावर, पावसाळ्यातच. कोलाडची नदी वीजघराच्या वेळापत्रकावर वाहते. हे मी कुणाला लाजवण्यासाठी सांगत नाही. आमच्या नळाला सूर्या धरणाचं पाणी येतं, आणि ते धरण डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या शेतीसाठी म्हणून बांधलेलं. बोळिंजच्या माणसानं मुळशीच्या नावानं फार उसासे टाकू नयेत. पण ज्या पाण्यावर आपण खेळतो ते कुठून येतं, कधी वाढतं, कधी ओसरतं, एवढं तरी विचारायला नको?

तर बोट सोडण्याआधी त्या पोरानं सगळ्यांना वाळूवर उभं केलं आणि शिकवायला लागला. पुढे वल्हवा म्हटलं की काय करायचं, मागे म्हटलं की काय, बोट एका बाजूला कलली की कुठं झेपावायचं. मग सांगितलं, आणि हे तो तीनदा बोलला: "पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही. पाठीवर पडा, पाय पुढं, वाहत्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. पाणी गुडघाभर दिसलं तरी उभं राहायचं नाही." का, तेही सांगितलं. तळाच्या दोन दगडांत पाऊल अडकलं की पाणी मागून ढकलतं, माणूस तोंडावर पडतो, आणि गुडघाभर पाण्यात मरतो. अंगात जॅकेट असतानाही.

माझ्या आज्यानं बावखलाच्या काठावर सांगितलं तेच हे. पाण्याशी मारामारी करू नको, आधी पाण्यावर पड. मी त्या पोराकडे बघत राहिलो. बाकीचे काय करत होते? हेल्मेट घालून सेल्फी काढत होते. आमच्या बोटीतल्या आठांपैकी पोहणारे दोघं, एक मी आणि एक नाशिकच्या बाई. जाहिरातीत वयाची मर्यादा साठ होती. माझं वय त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हा माझा खोटेपणा नोंदवून ठेवतो.

पहिली दोन-तीन खळाळं मजेत गेली. मजा येते, हे मी नाकारणार नाही. बासष्टाव्या वर्षी मी पोरासारखा ओरडलो. वाहत्या पाण्याला आकार असतो. दोन दगडांच्या मधून जिभेसारखी गुळगुळीत धार निघते, ती बोटीची वाट. मोठ्या खडकामागं पाणी उलटं, वरच्या दिशेला फिरतं. तिथं बोट आणली तर ती विसावा घेते, दम खाता येतो. आणि जिथं पाणी खडकावरून पडून खाली स्वतःतच गुंडाळतं, तिथून लांब राहायचं. गाइड हे सगळं पन्नास हातांवरून वाचत होता. नदीच्या अवघडपणाचे जगभर सहा वर्ग मानतात. कोलाडची नदी दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात येते, म्हणजे मधली. मधली म्हणजे सोपी असा अर्थ आपण काढतो. खरा अर्थ असा, की वाचता आलं तर सोपी.

चौथ्या की पाचव्या उतारावर बोट खडकाला घासली आणि पुतण्या गेला. एका क्षणी माझ्या पुढं त्याची पाठ होती, दुसऱ्या क्षणी नव्हती. चार हातांवर लाल हेल्मेट वर आलं. आणि त्यानं काय करावं? उभं राहायला बघितलं. पाणी कमरेइतकं, खाली दगड लागले, माणसाला वाटणारच की उभं राहावं. गाइड ओरडला, "पाय वर! पाय वर!" मीही ओरडलो. त्यानं दोनदा प्रयत्न केला, दोनदा आडवा झाला, तिसऱ्यांदा कसे कोण जाणे पाय वर आले. तोवर गाइडनं दोरीची पिशवी फेकली होती. ती छातीवर पडली आणि त्यानं धरली. ओढून आत घेतला तेव्हा नडगी सोललेली होती आणि ओठ पांढरे.

परतीच्या गाडीत तो व्हिडिओ दाखवत होता. "जॅकेट होतं ना काका. काही होत नाही." मी गप्प राहिलो. गप्प राहायला नको होतं, म्हणून आज लिहितो.

जॅकेट माणसाला तरंगवतं. शहाणं करत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हे गणित जॅकेटला माहीत नाही, तुमच्या पायाला माहीत असावं लागतं. कोलाडला तुमच्या वतीनं नदी वाचणारा एक पोरगा बोटीच्या मागं बसलेला असतो, मागच्या-पुढच्या बोटीत दोरी घेऊन आणखी कुणी असतो, आणि पाण्याचा नळ वीजघराच्या हातात असतो. म्हणून तिथं पोहता येत नसलेला माणूस चालतो. पण त्या एका वाक्याची सवय घेऊन तो घरी येतो. पावसाळ्यात तोच माणूस मित्रांबरोबर धबधब्यावर जातो. तिथं गाइड नाही, दोरी नाही, जॅकेटही नाही. डोक्यात मात्र पक्कं बसलेलं असतं, चालेल.

आमच्या मागच्या चाळीतला एकोणीस वर्षांचा मुलगा असाच गेला. आई चार घरची धुणीभांडी करायची. पोरगा अभ्यासात बरा, कॉलेजची दोन वर्षं झालेली. पावसाळ्यातल्या एका रविवारी पाच जण धबधब्याकडे गेले, चौघं परत आले. त्याला बाहेर काढला तेव्हा लोकांनी सांगितलं, पाणी छातीएवढंच होतं. आई मला विचारत राहिली, "छातीएवढ्या पाण्यात माणूस कसा बुडतो हो?" मला उत्तर माहीत होतं. तिला काय सांगणार.

त्यावर आपण काय केलं? फलक लावला. आमच्या चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात बंदीचा हुकूम निघतो, राज्यात इतरही कितीतरी ठिकाणी निघतो. गावच्या बैठकीत आमचे एक वयस्कर स्नेही म्हणाले, "हे सगळे पाण्याचे खेळ बंदच करायला पाहिजेत. राफ्टिंग नको नि फिफ्टिंग नको." टाळ्या पडल्या. मी त्यांना विचारलं, "भाऊ, तुम्हाला पोहता येतं?" म्हणाले, "येतं तर! तुझ्याच बावखलात शिकलो." मग आपण शिकलो आणि पोरांना फलक वाचायला द्यायचा, हा कुठला न्याय?

बंदीला माझा सरसकट विरोध नाही. नदीला पूर असेल, दरड सुटत असेल, तर काठीनं हाकलावं लोकांना. 2018 च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं तिथलं राफ्टिंग थांबवलं, पण नियम करा तोवर, असं म्हणून थांबवलं. आपल्या राज्यानंही 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, धंदा करणाऱ्यानं नोंदणी केली पाहिजे असं ठरवलं. चांगलं झालं. पण धंदेवाल्याची नोंदणी झाली म्हणून गिऱ्हाइकाला पोहायला येत नाही. आणि बंदी ही बहुतेक वेळा काहीच न करण्याची सोय असते. हुकूम निघाला की जबाबदारी संपली. उद्या कुणी मेला तर त्यानं हुकूम मोडला होता.

शिवाय पाणी हुकूम वाचून येत नाही. 2018 चा जुलै आठवा. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या जागच्या जागी अडकल्या, लोकांना होड्यांतून काढावं लागलं. तेव्हा रस्ताच नदी होता. वाहत्या पाण्यात कसं चालावं हे आमच्या नव्या वसाहतींतल्या हजारो माणसांपैकी कुणाला माहीत होतं? मी नाक्यावर बघितलं, लोक पाण्याकडे पाठ करून, हातात पिशव्या घेऊन, घाईघाईत पावलं टाकत होते. खाली गटाराचं झाकण आहे की नाही याचा पत्ता नाही. कुणी शिकवलं असतं तर कळलं असतं: काठी घ्यावी, तोंड येणाऱ्या पाण्याकडे करावं, काठी आणि दोन पाय यांतलं एकच एका वेळी हलवावं, आणि आधी काठीनं चाचपावं. माझी आजी हे भातखाचरात करायची. तिनं राफ्टिंगचा कोर्स केला नव्हता.

आणखी एक गोष्ट, जी फलकावर नसते आणि असायला हवी. आपल्याकडे ओढ्या-नद्यांवर जागोजाग छोटे बंधारे आहेत. पावसाळ्यात त्यावरून पाणी सारखं, सरळ, काचेसारखं पडतं. दिसायला धबधब्याहून गरीब. पण खाली पडलेलं पाणी उलटं बंधाऱ्याकडे फिरतं आणि आत आलेलं लाकूड तासन् तास तिथंच गोल फिरत ठेवतं. माणसालाही तसंच. परदेशातले बचाव पथकवाले ह्याला बुडवायचं यंत्र म्हणतात. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथं हरतो. कोलाडच्या त्या पोराला मी विचारलं, "तुला भीती कशाची वाटते?" मला वाटलं, मोठ्या खळाळाचं नाव घेईल. म्हणाला, "बंधाऱ्याची. आणि दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाची."

आता माझा जबाब.

पुतण्याला पोहता का येत नाही? कारण 1996 साली आमचं बावखल आम्ही निम्मं बुजवलं. रहाट केव्हाच गेला होता, पंप आला होता. बावखलात गाळ साठलेला, डास झालेले. भावाला घर वाढवायचं होतं. बाजूला इमारती होत होत्या, राडारोडा फुकट मिळत होता, टाकणारा वर पैसे द्यायला तयार होता. मी नको म्हटलं नाही. पंधरा-वीस ट्रक पडले. पुतण्या तेव्हा पाच वर्षांचा. दोन वर्षांनी त्याच्या कमरेला भोपळे बांधायची पाळी माझी होती. आज्यानं मला शिकवलं, मी भावाच्या पोराला शिकवायचं, अशी ती साखळी. निम्मं राहिलेलं पाणी हिरवंगार, त्यात पोर उतरवायची कुणाची छाती झाली नाही. मग तो शाळेत गेला, क्लासला गेला, इंजिनियर झाला. पोहायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

असं घरोघर झालं. बिल्डरला शिव्या देणं सोपं आहे, मी पुष्कळ दिल्यात. पण आमच्या कितीतरी बावखलांत पहिला ट्रक मालकानं स्वतः आणला. आज वसईतली काही जाणती माणसं उरलेली बावखलं मोजतायत, गाळ काढतायत, त्यांना लोक वेडे म्हणतात. आमच्याकडे म्हाडाच्या एवढ्या उंच इमारती उभ्या राहिल्या, पाण्याअभावी त्यातली घरं वर्षानुवर्षं पडून राहिली. आणि पाणी होतं तिथं आम्ही विटांचे तुकडे भरले.

काही वाचक म्हणतील, तलाव आहेत की, महापालिकेचे, क्लबचे. आहेत. फी भरणाऱ्यासाठी आहेत. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोराला तिथं कोण घेतो? आणि निळ्या फरशीच्या चार फूट पाण्यात हात मारायला शिकलेला मुलगा ओढ्यात पडला तर त्याला गाळ, शेवाळ, धार यांतलं काही ओळखीचं नसतं. शाळांनी सातवीच्या आत प्रत्येक पोराला पाण्यावर पडायला शिकवावं, निदान पाय वर करून तरंगायला. कोलाडच्या त्या पोरासारखी पोरं नदीकाठच्या प्रत्येक गावात आहेत, त्यांना मानधन देऊन शाळेत बोलवा. राफ्टिंगवाल्यांना माझं एवढंच मागणं आहे: ती ओळ काढा. त्याऐवजी लिहा, पोहता येत नसेल तर अर्धा तास आधी या, आम्ही पाठीवर तरंगायला शिकवू. धंदा बुडणार नाही, वाढेल.

गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही उरलेल्या निम्म्या बावखलातला गाळ काढला. भाऊ आधी रागावला, मग त्यानंच बैठकीची पायरी बांधून दिली. भोपळे आता मिळत नाहीत, पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे बांधतो, झाकण घट्ट लावून. पहिल्या वर्षी चार पोरं आली, यंदा अकरा. त्यात दोन सोसायटीतल्या मुली. त्यांच्या आईनं आधी विचारलं, पाणी टेस्ट केलंय का? केलं होतं, कागद दाखवला.

पुतण्या यंदाच्या एप्रिलमध्ये आला. पहाटे साडेपाचला, पोरं यायच्या आधी, टॉवेल गुंडाळून, कुणी बघत नाही ना ते बघत. एवढ्या मोठ्या माणसाला दोन डबे पुरत नाहीत. चार बांधले.